पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या बघून घ्या: फोन, टॉर्च, फवारणीचा पंप, इमर्जन्सी लाईट

मृग लागला की आपल्याकडं करंटचा भरवसा राहत नाही. बेळगाव शहरात तास-दोन तासावर भागतंय, खरं खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबी बाजूला वाऱ्यानं झाड तारेवर पडलं की कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघावी लागते, मग घरात फोन, पॉवर बँक, टॉर्च, इमर्जन्सी लाईट, शेतातला फवारणीचा पंप, जे काय चार्जिंगचं आहे ते सगळं एकदम आठवतंय आणि नेमका तेव्हाच दिवा पेटत नाही, टॉर्च दहा मिनिटात मंद होते. लोक म्हणतात माल डुप्लिकेट निघाला. काही वेळा तसं असतंयही, खरं बऱ्याच वेळा बॅटरी चांगलीच आलेली असते, तिला ठेवण्याची पद्धत चुकलेली असते. आणि ती चुकते कारण आपण सगळ्या बॅटऱ्यांना एकच नियम लावतो.

घरात साधारण तीन जातीच्या बॅटऱ्या असतात. फोन, लॅपटॉप, पॉवर बँक, इअरबड, ब्लूटूथ स्पीकर, नव्या टॉर्च यात लिथियम. जुन्या पद्धतीचा मोठा इमर्जन्सी लाईट आणि पाठीवरचा फवारणी पंप यात बहुतेक लेड ॲसिड, म्हणजे गाडीच्या बॅटरीचीच जात, फक्त बंद डब्यातली. आणि पेन्सिल सेलच्या आकाराचे जे परत चार्ज होतात ते निकेल मेटल हायड्राइड, कॅमेऱ्याच्या फ्लॅशला, पोरांच्या खेळण्यांना, वायरलेस माईकला लागतात ते. आता गंमत अशी की लिथियमला अर्ध्यावर राहायला आवडतं, लेड ॲसिडला कायम फुल्ल राहायला आवडतं, आणि निकेलवाल्याला चार्जर नीट मिळाला की बाकी काही कुरकुर नाही. म्हणजे फोनचा नियम पंपाला लावला की पंप मेला, पंपाचा नियम फोनला लावला की फोनची बॅटरी लवकर म्हातारी झाली. एवढं एक कळलं की निम्मं काम झालं.

कुठली कुठली ते ओळखायचं कसं, तर लेबल वाचा. 3.7 किंवा 3.85 व्होल्ट असलं की लिथियम. 6 किंवा 12 व्होल्ट, हातात घेतल्यावर विटेसारखी जड, ती लेड ॲसिड. 1.2 व्होल्ट लिहिलंय तो निकेलचा सेल. 1.5 व्होल्टचा साधा सेल परत चार्ज होत नाही, त्याला चार्जरमध्ये घालू नका, फुटतो किंवा गळतो. हल्ली 1.5 व्होल्टचे, डोक्यावर टाईप सी ची खाच असलेले लिथियम सेलपण मिळतात, ते फक्त त्यांच्या केबलनंच चार्ज करायचे, निकेलच्या चार्जरमध्ये नाही.

फोन आणि लॅपटॉप

लिथियम आयन बॅटरी 1991 मध्ये सोनीनं पहिल्यांदा बाजारात आणली आणि 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना याच कामासाठी मिळालं. 1991 पासून आतलं मटेरियल खूप सुधारलं खरं स्वभाव तोच राहिला, तिचे दोन वैरी, उष्णता आणि टोकाला जाऊन बसणं. टोक म्हणजे एकदम 100 किंवा एकदम 0.

फुल्ल झालेल्या लिथियम सेलमध्ये साधारण 4.2 व्होल्ट असतात, काही नव्या फोनमध्ये थोडे जास्त, आणि त्या दाबाखाली आतलं द्रावण हळूहळू खराब होत राहतं, तुम्ही फोन वापरा नाहीतर वापरू नका. त्यात गरमी मिसळली की ते काम जोरात चालतं. सर्वसाधारण सेलचा हिशोब असा सांगतात की 25 अंशाला 40 टक्क्यावर वर्षभर ठेवला तर क्षमता 4 टक्क्याच्या आसपास जाते, तोच 100 टक्क्यावर ठेवला तर 20 च्या आसपास. आणि 40 अंशात 100 टक्क्यावर ठेवला तर पस्तीसेक टक्के गेले. प्रत्येक सेलचा आकडा थोडा वेगळा येणार, खरं दिशा तीच. आपल्या बेळगावची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त असतो, पण मे महिन्यात पत्र्याच्या घरात किंवा उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवला तर तिथं बेळगाव आणि रायचूर सारखंच.

म्हणून रोजचा नियम एवढाच धरा, 20 च्या खाली शक्यतो जाऊ देऊ नका, 80 ला काढता आला तर काढा. चार वेळा थोडं थोडं लावलं तर बॅटरी बिघडते हे खोटं आहे. बॅटरीचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात, आणि सायकल म्हणजे प्लग लावल्याची संख्या नाही, 100 टक्के एवढा चार्ज वापरून झाला की एक सायकल, मग तो आज 50 आणि उद्या 50 असा वापरला तरी एकच. जुन्या निकेल कॅडमियमच्या बॅटरीला पूर्ण उतरवून मग लावायची सवय लागत होती, तो सल्ला आजोबांच्या कॉर्डलेस फोनपासून चालत आला आणि आपण अजून फोनला लावतो. लिथियमला ती भानगडच नाही.

तरीपण टक्क्यांच्या मागं लागून जीवाला त्रास करून घेऊ नका. सकाळी चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय, वळीव येणार असं आभाळ दिसतंय, रात्रभर शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघायला जायचंय, अशा वेळी बिनधास्त 100 करा, फोन त्यासाठीच घेतलाय. 100 करणं वाईट नाही, 100 करून तसाच आठ तास गादीवर चार्जरला लटकवून ठेवणं वाईट. आणि रोज रात्री लावूनच झोपायची सवय असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर 80 टक्क्याला थांबवायचा किंवा सकाळी उठायच्या वेळेलाच फुल्ल करायचा पर्याय बऱ्याच फोनमध्ये आलाय, आयफोनला 15 पासून 80 ची मर्यादा आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनलापण आहे, ते एकदा चालू करून टाका, विषय संपला.

उशीखाली, पांघरुणात, गादीवर चार्जिंग नको, हे घरातल्या पोरांना दरडावूनच सांगा. उष्णता बाहेर जायला जागा मिळत नाही. फरशीवर, टेबलावर ठेवा, जाड कव्हर असेल आणि फोन तापत असेल तर कव्हर काढा. चार्जिंगला लावून गेम खेळणं म्हणजे दोन्ही बाजूनं तापवणं. मोटरसायकलच्या हँडलला फोन लावून भर उन्हात मॅप बघत आणि वर यूएसबीनं चार्ज करत निपाणीपर्यंत जाणारे बरेच जण आहेत, त्यांनी निदान चार्जिंग तरी बंद ठेवावं, 40 टक्के असताना मॅपला निपाणी सहज गाठता येते.

जास्त वॅटचा चार्जर लावला की फोन जळतो का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. नाही जळत. 65 वॅटचा लॅपटॉपचा टाईप सी चार्जर 18 वॅटच्या फोनला लावला तरी फोन आणि चार्जर आधी आपसात बोलून घेतात आणि फोन मागेल तेवढंच येतं. चार्जर बऱ्या कंपनीचा पायजे एवढीच अट. भीती वॅटची नाही, भीती चाळीस रुपयाच्या चार्जरची, ज्याच्या आत मेन लाईन आणि तुमच्या हातातली केबल यांच्यामध्ये धड अंतरपण सोडलेलं नसतं. घ्यायच्या आधी बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) छाप बघा, त्याखाली आर- पासून सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की कुठल्या कंपनीचा कुठला माल ते दिसतं. नंबर एका कंपनीचा आणि डब्यावर नाव दुसरंच, असं निघालं तर ठेवा परत.

केबलकडं पण बघा. चार्ज हळू होतोय म्हणून लोक बॅटरी बदलायला जातात आणि दोष असतो केबलचा, नाहीतर फोनच्या खाचेत बसलेल्या खिशातल्या धुळीचा. फोन बंद करून, लाकडी टूथपिकनं, हलक्या हातानं, कडेकडेनं ती गादीसारखी बसलेली धूळ उकरा, निघालेली बघून आश्चर्य वाटेल. सुई, टाचणी, पिन अजिबात नको, आतल्या पट्ट्या वाकतात नाहीतर शॉर्ट होतात.

लॅपटॉपचं वेगळंच आहे. पुण्यात बंगळुरात कामाला असलेली पोरं घरून काम करायला येतात आणि लॅपटॉप महिनोन्‌महिने चार्जरलाच लावलेला असतो, म्हणजे बॅटरी सतत 100 वर आणि वरून प्रोसेसरची गरमी. लेनोवो, डेल, आसुस, एचपी यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडायचं सेटिंगचं पान) 60 किंवा 80 वर थांबवायचं सेटिंग असतंय, ते लावा. लाईट जायचे दिवस असले तर 80, नाहीतर 60. टचपॅड एकाएकी दाबायला कडक लागायला लागला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला तर खालची बॅटरी फुगलीय का ते लगेच बघा, ते पुढं सांगतो.

जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर 50 टक्क्याच्या आसपास ठेवून पूर्ण बंद करा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघा. शून्यावर ठेवून विसरला तर आतला व्होल्टेज इतका खाली जातो की मग चार्जरच त्याला घेत नाही, आणि अशी खोल गेलेली बॅटरी कुणी जबरदस्तीनं उठवून देतो म्हणाला तरी करून घेऊ नका, आत तांबं विरघळून शॉर्ट होण्याचा धोका असतो.

पॉवर बँक

10000 एमएएच (मिलीअँपिअर-अवर, म्हणजे 10 अँपिअर-अवर) लिहिलंय आणि 5000 चा फोन दोनदा भरत नाही, हे गाऱ्हाणं घरोघरी. हिशोब असा आहे. ते 10000 आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचे. 10 गुणिले 3.7 केलं की 37 वॅट-अवर होतात, म्हणजे आत साठलेली एकूण वीज. बाहेर 5 व्होल्ट येतात, म्हणजे 37 भागिले 5, 7.4 अँपिअर-अवर, म्हणजे 7400 एमएएच झाले, त्यात व्होल्ट वाढवताना काही उष्णतेत जातात, हातात 6000 ते 6500 उरतात. डब्याच्या मागं बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी म्हणून हाच आकडा लिहिलेला असतो, खरेदी करताना तो बघायचा, समोरचा मोठा नाही. फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा, एवढं धरून चाला.

विमानाचं पण त्या वॅट-अवरवरच चालतं. सांबरा विमानतळावरनं जाताना पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत घालायची नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची, आणि 100 वॅट-अवरपर्यंत अडचण नाही. 20000 ची म्हणजे 74, चालते. आकडा पुसून गेलेली असली तर अडवू शकतात.

मागं सोलरची पट्टी असलेल्या पॉवर बँकबद्दल मला कळकळीनं सांगावंसं वाटतंय, कारण पंढरीच्या दिंडीला जाणारी माणसं मोठ्या आशेनं त्या घेतात. तळहाताएवढ्या पट्टीतून कडक उन्हात एखाद-दीड वॅट निघाला तरी खूप. दिवसाचं चांगलं ऊन पाच तास धरलं तर पाच-सात वॅट-अवर, आणि भरायचेत 37, म्हणजे आठवडा गेला. आणि तेवढा वेळ ती लिथियमची बॅटरी उन्हात भाजत पडणार, जी तिला सगळ्यात जास्त नुकसान करते. त्यापेक्षा दोन साध्या घ्या, मुक्कामाच्या ठिकाणी भरून घ्या. आणि वाटेत जिथं रेंजच नाही तिथं फोन फ्लाईट मोडला टाका, कणकुंबीच्या पुढं घाटात फोन सारखा टॉवर शोधत बसतो आणि खिशातल्या खिशात निम्मा उतरतो.

पॉवर बँक वर्षभर न वापरता पडून असेल तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा अर्ध्याच्या वर भरून ठेवा. वायफायच्या राउटरला लावलेला छोटा यूपीएसपण याच जातीचा, तो मात्र कायम फुल्लवर बसतो, त्यामुळं दोन-तीन वर्षात त्याचा दम कमी होणार हे धरूनच चाला, आणि तो राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, राउटर स्वतःच तापतो.

टॉर्च

उसाला रात्रीचं पाणी पाजायला जाणाऱ्याला टॉर्च ही चैनीची वस्तू नाही, पायाखाली साप बघायचा असतो. आठवडी बाजारात ज्या टॉर्च मिळतात त्यात 18650 नावाचा सेल असतो, 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. त्यावर 9900 एमएएच छापलेलं असलं तर तो सेल तिथंच ठेवा. या आकाराच्या चांगल्या नावाजलेल्या सेलमध्ये 3500 च्या आसपासच मावतं. खोट्या आकड्याच्या सेलमध्ये खरे हजार-बाराशे निघतात, आणि वजनावरून लगेच कळतं, खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा हाताला हलका लागतो. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा.

अजून एक, याचा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. 14500 नावाचा लिथियम सेल दिसायला अगदी पेन्सिल सेलच, तीच जाडी तीच लांबी, खरं त्यात 3.7 व्होल्ट. तो चुकून रिमोटमध्ये किंवा पोरांच्या खेळण्यात घातला की दुपटीपेक्षा जास्त व्होल्ट गेले, वस्तू जळाली. घरात असा सेल असेल तर त्यावर लाल चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत ठेवा. आणि सुटे सेल खिशात किल्ल्या-चिल्लरबरोबर टाकू नका, दोन टोकं जुळली की खिशात आग लागते, ही अतिशयोक्ती नाही.

चार्ज होणारे पेन्सिल सेल

यांचं सगळं चार्जरवर आहे. स्वस्तातला चार्जर दोन-दोन सेल जोडीनं भरतो आणि कधी थांबायचं ते त्याला कळत नाही, लाल दिवा लागलेला तो लागलेलाच. त्यात एक सेल आधी भरतो आणि दुसरा भरेपर्यंत पहिला उकळतो. स्मार्ट चार्जर घ्या, जो प्रत्येक सेल वेगळा बघतो आणि सेल भरल्यावर व्होल्टेज जो किंचित खाली येतो तो ओळखून थांबतो. थोडे जास्त पैसे जातात, खरं दोन सेटचे पैसे वाचतात.

साधा चार्जरच असेल तर हिशोब स्वतः करा. सेल 2000 एमएएचचा आणि चार्जरवर 200 मिलीअँपिअर लिहिलंय, तर रिकामा सेल भरायला 14 ते 16 तास, दहा नाही, कारण थोडं वाया जातं. तेवढ्यानंतर काढा. हाताला कोमट लागला तर ठीक, धरवत नाही एवढा तापला तर आधीच काढायला पायजे होता.

जे सेल एकत्र वापरता ते कायम एकत्रच ठेवा, पेननं अ आणि ब असे गट पाडा. चारात एक म्हातारा असला की तो आधी रिकामा होतो, बाकीचे तिघं त्याच्यातनं जबरदस्तीनं करंट ढकलत राहतात, त्याचे प्लस-मायनस उलटे होतात आणि तो कायमचा जातो. लो सेल्फ डिस्चार्ज लिहिलेले घ्या, ते वर्षभर कपाटात राहिले तरी बराचसा चार्ज टिकवून असतात, साधे महिन्या-दोन महिन्यात बऱ्यापैकी उतरतात. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र हे घालू नका, तिथं साधा सेलच बरा, वर्षभर बघायला लागत नाही.

इमर्जन्सी लाईट आणि फवारणी पंप

शेजारच्या काकूंनी परवा दिवा आणून दिला. "बघ की रे बाळा, रात्रभर लावला खरं पाच मिनिटात बारीक होतोय." विचारलं, "काकू, याच्या आधी कधी लावलेला?" तर म्हणाल्या, "दिवाळीत लावलेला की, मग माळ्यावर ठेवला." मागचे चार स्क्रू काढले, आत करड्या रंगाची 6 व्होल्टची बॅटरी. व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर 6.3 दाखवतोय, म्हणजे बघायला एकदम चांगली. मग मीटरच्या पिना तशाच धरून दिवा पेटवला, आणि आकडा डोळ्यादेखत 6 वरनं 5.5, 5.5 वरनं 5 च्या खाली आला, दिवा पिवळा पडला, विझवला की आकडा परत हळूहळू वर. म्हणून लेड ॲसिडची बॅटरी नुसती मीटर लावून तपासायची नाही, तिच्यावर काम टाकून तपासायची.

आत काय झालेलं असतं तर, ही बॅटरी उतरते तेव्हा प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं, लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं, तशीच माळ्यावर महिनोन्‌महिने राहिली तर ते खड्यासारखं कडक होऊन बसतं आणि मग कितीही लावा, जागा अडवलेलीच. याला उपाय फार नाही, बॅटरी बदलायची. म्हणून नियम उलटा, वापरली की त्याच दिवशी फुल्ल करायची, आणि न वापरता ठेवली तरी दोन महिन्यातनं एकदा लावायची. अमावस्या धरा, एक सोडून एक अमावस्येला दिवा चार्जला, म्हणजे लक्षात राहतं.

स्वस्त दिव्यात भरल्यावर थांबायची सोय नसते, त्याला आठ-दहा तासात काढा. चार्जिंग होऊन तासभर झाल्यावर मागून हात लावून बघा, अजून गरम असला तर तो थांबत नाही असं समजा. हल्लीचे लहान दिवे लिथियमचे असतात, त्यांना फोनचा नियम, म्हणून आधी लेबल.

पंपाचं जरा जास्त लिहितो कारण तिथं पैसा जास्त जातो. पाठीवरच्या पंपात बहुतेक 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची बॅटरी असते. काजूच्या मोहोराची फवारणी झाली, नाहीतर कोबीची झाली, की पंप धुऊन गोठ्यात टांगतात, ते पुढच्या हंगामाला काढतात, आणि तेव्हा बॅटरी मेलेली. संध्याकाळी आल्या आल्या टाकी धुवा, औषधाचे हात साबणानं धुवा आणि पंप चार्जला लावा, सकाळसाठी ठेवू नका. फुल्ल करून दोन-तीन तास शांत ठेवल्यावर मीटरवर 12.7 च्या आसपास आलं तर उत्तम, 12.2 म्हणजे अर्धी, 11.8 च्या खाली म्हणजे रिकामी, तिला लगेच लावा. फवारताना मोटरचा आवाज उतरायला लागला, फवारा आखूड पडायला लागला की थांबा, शेवटचा थेंब काढायच्या नादात 10.5 च्या खाली गेली की दर वेळी आयुष्य कमी होतंय.

बॅटरीच्या पत्तीवर पांढरी-हिरवी पावडर धरलेली असते, औषधाचं पाणी आणि दमट हवा यानं. वायर काढा, जुन्या टूथब्रशनं पावडर घासा, सुक्या फडक्यानं पुसा, वायर घट्ट बसवा आणि वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी गेली म्हणून सांगत आणलेले कितीतरी पंप एवढ्यावर चालू होतात.

आणि चार्जर. नवीन पंपात लिथियमचा पॅक येतो, तो फुल्ल होतो 12.6 व्होल्टला, लेड ॲसिडचा चार्जर जातो 14 च्या वर. पिन मात्र दोन्हीची एकच, सहज बसते. भावाचा चार्जर शेजारच्याच्या पंपाला लावायची आपल्या गावात पद्धत आहे, माणुसकी म्हणून चांगली आहे, खरं इथं नको. प्रत्येक चार्जरवर कुठल्या पंपाचा ते रंगानं लिहून ठेवा.

पाऊस, वीज, ओलावा

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की सगळे चार्जर भिंतीतून काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि गेलेली लाईट परत आली की पहिल्या पाच मिनिटात काहीच लावू नका, येताना व्होल्टेज उड्या मारतो, कधी परत जाते.

फोन भिजला तर पहिलं काम बंद करणं, दुसरं काम चार्जर न लावणं. पुसा, खाच खाली करून हलके झटका, पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदूळ पाणी ओढत नाही म्हणावं तसं, उलट पीठ आणि कण आत जातात. हेअर ड्रायर, चूल, ऊन काही नको. ओलावा आहे अशी सूचना फोन दाखवत असेल तर ती जाईपर्यंत थांबा, घाई केली की खाचेतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. गोडं पाणी असलं तर बरेच वाचतात, समुद्रात पडलेला फोन मात्र लगेच दुकानात.

फुगलेली बॅटरी

फोनचा स्क्रीन एका कडेनं उचललाय, मागचं झाकण पोट आल्यासारखं झालंय, टेबलावर फोन गरगर फिरतोय, म्हणजे बॅटरी फुगली. आत वायू धरलाय. त्या क्षणापासून चार्जिंग बंद, वापर बंद. दाबून बसवू नका, टोचून हवा काढू नका, आतलं पान फाटलं की आग. फरशीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब, जमलं तर वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. तिथं नवीन बॅटरी घालताना तिच्यावरची तारीख बघून घ्या, तीन वर्ष दुकानात पडलेली नवीन बॅटरी नवीन नसते.

प्लगला लावलेल्या वस्तूतनं धूर यायला लागला तर आधी मेन स्विच बंद, मग माणसं बाहेर, तो धूर विषारी असतो. करंट तुटला याची खात्री असेल आणि लहान वस्तू असेल तर लांबून भरपूर पाणी ओता, पाण्यानं ती थंड होते आणि शेजारचा सेल पेटत नाही. मोठं असलं तर 101 किंवा 112 लावा.

संपलेल्या बॅटऱ्या घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की तिथंच पेटतात, आणि उकिरड्यावर गेल्या की शिसं, कॅडमियम आपल्याच विहिरीत. लेड ॲसिडची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार वजनावर पैसे देऊन घेतो, त्यामुळं ती भंगारात फोडायला देण्याचं काहीच कारण नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमानुसार बॅटरी बनवणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या कंपन्यांनाच जुना माल परत गोळा करायची जबाबदारी आहे, म्हणून मोबाईलच्या मोठ्या शोरूममध्ये, सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, ई-कचऱ्याचा डबा असतोय. फोनची, पॉवर बँकेची, टॉर्चची बॅटरी देताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, आणि गोळा करून एकदम नेतो म्हणून ढीग साठवू नका, चार-पाच झाल्या की बेळगावला जाताना पिशवीत टाका.